मोनालीचा अर्ज

नंदनवन वस्तीतल्या मोनाली वासनिकला वकिलीची सनद मिळून वर्ष झालं होतं, पण मोठमोठ्या लॉ फर्मकडे धाडलेल्या अर्जांची साधी पोचही येत नव्हती. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली लॉ क्लर्कच्या जागा निघाल्या, तेव्हा तिने धीर करून आपला अर्ज धरमपेठेतल्या अरुंधतीताईंना नेऊन दाखवला. ताई तिच्या कॉलेजात पुरावा कायदा शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी जुन्या विद्यार्थ्यांना त्यांचं दार उघडं असे.

‘मेहनती’, ‘न्यायाची तळमळ असलेली’ या शब्दांवर ताईंनी पेन्सिल फिरवली. "हे मी मान्य करायला पुरावा कुठे आहे? तुझ्या हातून झालेलं एखादं काम सांग."

मोनाली म्हणाली, एक आहे. तिची आई जयवंता हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होती. तिथे तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. भरपाईच्या दाव्याचा इंग्रजी मसुदा सहीसाठी घरी आला, तेव्हा अकरावीतली मोनाली तो डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ वाचत बसली. टायपिंगमध्ये ‘डावा हात’ पडलं होतं. तिने वकिलांना दाखवलं. त्यांनी चूक सुधारली आणि तिची पाठ थोपटली. वकील व्हायचं तिने तेव्हाच ठरवलं.

"मग हे अर्जात का नाही?" ताईंनी विचारलं.

आईचं दुःख नोकरीसाठी मांडणं मोनालीच्या जिवावर येत होतं. घरी येऊन तिने आईलाच विचारलं. जयवंता डाव्या हाताने भाजी चिरत होती. ती म्हणाली, "माह्या बोटायचं जास्त नको लिहू. तू काय केलं ते लिही. ते तं तुहं आहे."

मग अर्ज सरळ झाला. अपघाताची एकच ओळ, बाकी वाचलेलं आणि शोधलेलं. ताईंनी तो पुन्हा पुन्हा परत पाठवला, एकदा तर नुसत्या स्वल्पविरामासाठी.

मुलाखतीत एक मसुदा पुढे ठेवून त्यातल्या चुका काढायला सांगितल्या, तेव्हा मोनालीचा जीव भांड्यात पडला.

निवड झाली. रविवारी मायलेकी धरमपेठेत गेल्या. मोनाली पाया पडायला वाकली तर ताईंनी तिला वरच्यावर धरलं. अर्ज तुझा तूच लिहिलास म्हणाल्या.

जयवंता म्हणाली, "ताई, तुमी तिले खोटं एक अक्षर लिहू नाही देल्लं. लय उपकार झाले."

ताईंनी त्या दिवशी दोघींना जेवायलाच ठेवून घेतलं.