बरे झालेल्यांच्या तक्रारी

दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत. ते आपोआप साचत जातात. नवल एवढंच, की जे गेले त्यांचे फारसे आठवत नाहीत. डोक्यात ठाण मांडून बसलेत ते बरे झालेल्यांचे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-पंधरा वर्षं मी पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स होते. आम्ही तिघंच. पुण्याकडचे डॉक्टर, मी आणि शिपाई सीताराम. चौथे म्हणायचे तर गंगारामबाबा. वरच्या एका वाडीतले हे शेतकरी, बाजाराला खाली उतरले की काही दुखत नसलं तरी आमच्या बाकावर येऊन बसायचे.

त्या वर्षांत सगळं सुधारत होतं. हे मी आज म्हातारपणी सांगत नाही, आम्हाला ते तेव्हाच दिसत होतं. पण ‘सुधारलंय हो’ असं म्हणणारं माणूस काही मला भेटलं नाही.

* * *

पूर्वी भात पोटरीला आलं की वाडीच्या वाडी हिवतापानं आडवी व्हायची. मग फवारणीवाले आले, घराघरांत भिंतींवर डी.डी.टी. मारून गेले. दोन-तीन वर्षांत आमच्या ओटीवरची कुडकुडणारी रांग दिसेनाशी झाली.

डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, “काय बाबा, यंदा वाडीत ताप नाही ना?”

“नाय.”

“मग चेहरा का असा?”

“फवारल्यापास्नं ढेकणं माजलीत,” गंगारामबाबा म्हणाले. “आनि भात पुरत नाय. आदी निम्मी मानसं तापानं पडलेली असायची, त्यांना अन्न नको व्हायचं. आता समदीच ताटावर बसतात.”

डॉक्टर मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत. त्या उन्हाळ्यात मी लसी टोचायला वर गेले, तर वाडीतल्या बायका रानात कंद खणत होत्या.

* * *

सीतारामला लहानपणी देवी आल्या होत्या. एक डोळा गेला होता, तोंडावर व्रणांची चाळण. लस टोचताना पोरांना धरून ठेवायचं काम त्याचं. आया त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगायच्या, “गप टोचून घे. नायतर असं तोंड व्हईल.” त्याच्यासमोरच. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

एकदा टोचणी आटोपल्यावर डॉक्टर त्याला म्हणाले, “सीताराम, अजून काही वर्षांनी या भागात तुझ्यासारखा चेहरा औषधालाही सापडणार नाही.”

त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. सीताराम सुया गोळा करत होता. म्हणाला, “म्हंजे मी शेवटचा. मग मला बगून कोनाला काय कळनार सायेब? म्हनतील, हा जन्मलाच असा.”

* * *

डॉक्टरांचं वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.नं यायचं. ते उघडलं की संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा पडलेला. कुठे बॉम्बची चाचणी, कुठे दुष्काळ, कुठे पूर. “बाई, जग काही टिकत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका पावसाळ्याच्या शेवटी माझ्या ध्यानात आलं, की यंदा आसपासच्या वाड्यांत पटकीनं एकही माणूस दगावलं नाही. नव्या विहिरी, विहिरींत टाकलेली पावडर, डॉक्टरांची पायपीट, सगळं कामी आलं होतं. मी उत्साहानं त्यांना सांगितलं.

त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यात कुठे ते छापलंय का हे बघावं तसं त्या पानाकडे बघितलं.

“मेले असते तर एवढीशी का होईना, बातमी आली असती,” म्हणाले, आणि पान उलटलं.

* * *

वाडीच्या पायथ्यापर्यंत रस्ता झाला तो श्रमदानानं. गंगारामबाबांनी त्या वयात स्वतः दगड फोडले. त्यांची पहिली बायको डोलीतून खाली आणताना वाटेतच गेली होती, म्हणून रस्त्यासाठी सर्वांत जास्त तेच भांडले होते.

रस्त्यावर पहिली गाडी आली. पुढच्या महिन्यात बाबांचा धाकटा मुलगा त्याच रस्त्यानं मुंबईला गिरणीत गेला. मग शेजारचे दोघे गेले. वाडीत नांगर धरायला म्हातारे उरले.

मी समजूत घातली, “बाबा, ज्या रस्त्यानं गेला त्याच रस्त्यानं येईल की परत.”

“यायला रस्ता लागत नाय बाई,” ते म्हणाले. “रस्ता नव्हता तवा पन आमी घरी येतच व्हतो.”

* * *

बाबांची थोरली सून तानू. तिची पहिली चार बाळं आठवड्याच्या आत गेली. बाळ चांगलं जन्मायचं, प्यायचं. मग जबडा आवळायचा, दूध सुटायचं, अंग ताठ व्हायचं. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते, तिनं एवढंच लिहिलं असणार, असं सगळे म्हणायचे. तानूही म्हणायची. चौथ्या वेळी तर ती रडलीही नाही म्हणे.

पाचव्या खेपेला मी वर जाऊन बाळंतपण केलं. बाळ जगलं. दृष्ट नको म्हणून नाव ठेवलं दगडू. त्यानंतर एक मुलगी, मग आणखी एक मुलगा. दोन्ही बाळंतपणं मीच केली. तिन्ही पोरं धडधाकट.

धाकट्याला टोचायला ती एका दुपारी खाली आली. ओटीवर कुणी नव्हतं. पोराला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, “बाई, एक इचारू? तुमी सटवीला काय घातलंत?”

मी हसले. म्हटलं, “अगो, सटवी कसली? सुईण नाळ विळ्यानं कापायची, वर राख लावायची. विळ्याची घाण बाळाच्या रक्तात जायची. मी पातं आणि दोरा उकळून घेतला.”

“आनि?”

“आणि काही नाही. पाण्यात उकळलं.”

“येवढंच?”

“एवढंच.”

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. पोर पदराशी खेळत होतं, त्याचा हात तिनं नुसता धरून ठेवला.

मग उठली, त्याला कडेवर घेतलं. पायरीपाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

“पानी तर चुलीवर उकळतच व्हतं, बाई. चारी वेळेला.”