लायब्ररीतली लाइन का संपली

“मी आठशे बारापर्यंत आणलंय. तू पुढे ने,” नसरीन खुर्चीवरून उठत म्हणाली. “आणि माझं लोकसंख्येचं पुस्तक दिसलं तर हाक मार हां.”

“मारतो गो,” म्हणत दिनेश बसला आणि ‘नेक्स्ट’ दाबू लागला.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात लायब्ररीचा कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांची यादी, नुकताच कॉम्प्युटरवर आला होता. ‘कमवा आणि शिका’मध्ये मी सहा महिने जुनी कार्डं बघून ती यादी भरली होती. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच, त्यामुळे त्या मशीनला जरा जास्तच जपायचो. प्रिन्सिपॉल सरांनी बजावलं होतं, “मुलांनी वापरला तर ठीक. नाहीतर ऑफिसात नेणार.”

मुलं वापरत होती. पण स्क्रीन उघडली की थेट पहिल्या पुस्तकाची नोंद दिसायची आणि खाली भलंमोठं ‘नेक्स्ट’. शोधायचं ‘सर्च’ बटण कोपऱ्यात, टिकलीएवढं. मी असेन तेव्हा दाखवायचो. मी वर्गात गेलो की सगळे पुन्हा पुस्तक क्रमांक एकपासून निघायचे. तासाची घंटा झाली की कितव्या नंबरापर्यंत आलोय ते सांगून खुर्ची मागच्याला द्यायचे. किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं सगळे मिळून ओढतात ना, अगदी तसं.

एकदा सर आले, तेव्हा लाइन दारापर्यंत होती. “वा! काय वापर होतोय!”

“सांग ना त्यांना,” लायब्ररीच्या मॅडम कुजबुजल्या.

“खूश आहेत हो ते, मॅडम.”

शेवटी मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. “सर, सर्च पहिल्याच स्क्रीनवर, जरा मोठं करता येईल का?”

“आहे की ते. मुलांना शिकवा.”

मॅडमनी रिसीव्हर ओढून घेतला. “मग बटण शोधायला अजून एक बटण द्या!”

आठवड्याने एसटीने फ्लॉपी आली. आता उघडल्याबरोबर एकच चौकट. नाव किंवा विषय लिहा, एंटर दाबा, नंबर चिठ्ठीवर उतरवा. दोन दिवसांत लाइन संपली.

तिसऱ्या दिवशी सर आले. खुर्ची रिकामी. “कोणी फिरकत नाही? उद्या ऑफिसात हलवा.”

मी खुर्ची पुढे ओढली. “सर, एकदा... तुम्ही बसून बघता का?”

सर बसले. ‘आंबा’ लिहिलं. चार पुस्तकं आली. मी त्यातलं एक कपाटातून आणून हातात दिलं.

“झालं? एवढंच?”

“हो, सर.”

“मग ती लाइन कसली होती?”

“तेव्हा पुस्तक सापडत नव्हतं, सर.”

मॅडमनी रजिस्टरमध्ये तोंड लपवलं. सर उठले. पुस्तक घेऊन गेले. मशीन जागेवर राहिलं.

अजूनही कुठे गर्दी दिसली की लोक म्हणतात, काम जोरात चाललंय. मी मात्र आधी विचारतो, अडलंय कुठे?