आत्याच्या चिठ्ठ्या

देवाला पत्ता नीट सांगितला नाही तर तो भलत्याच घरी जाऊन पोचतो, यावर अख्ख्या वसईत सर्वांत गाढ श्रद्धा कोणाची असेल तर ती पापडीच्या माझ्या आत्याची. तिच्या चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, आधी कोणासाठी प्रार्थना करायची ते लोक चिठ्ठीवर लिहून देतात, आणि फादर ते हेतू वाचून दाखवतात. बाकीचे ‘आजाऱ्यांसाठी’ एवढं लिहून मोकळे होतात. आत्याला ते पटत नाही. “आजारी काय एकच आहे का गं पापडीत?” असं म्हणून ती चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरते : ‘विहिरीजवळच्या घरातली थोरली सून, उजवा गुडघा, आतली बाजू.’ एकदा फादरांनी वेळ वाचवायला नुसतंच ‘गुडघा’ वाचलं. मिस्सा संपल्यावर आत्या त्यांच्यासमोर उभी. “फादर, आता डावा बरा झाला तर जबाबदारी कोणाची?”

माझ्या किडनीच्या दुखण्याला चार वर्षं झाली. ते घराबाहेर कळू नये, ही माझी अट. ऑफिसातसुद्धा मी गोळ्या बडीशेपेच्या डबीत ठेवते. आत्याने अट पाळली. माझ्यासाठी तिची चिठ्ठी एका ओळीची असे : ‘एका खास हेतूसाठी.’ आत्या आणि एक ओळ! गावाने ताबडतोब ओळखलं, की भाचीचं लग्न जमवणं चाललंय. बायका खोदून विचारायच्या. आत्याला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती. “बघणं चालू आहे,” एवढंच ती म्हणे.

रिपोर्टच्या दिवशी ती दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसते, एक विनंतीची, एक आभारांची. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून रिपोर्टचं मराठी करायचं काम माझंच. गेल्या महिन्यात फोनवर समजावणं जमेना, म्हणून तुळिंजच्या माझ्या घरून मी स्वतःच तिच्याकडे गेले. ती अळूची पानं पुसत होती.

“बोल बाय. विनंती की आभार?”

“दोन्ही नाही. नवीन औषध लागू पडतंय की नाही, ते तीन महिन्यांनी कळेल.”

“म्हणजे वाईट?”

“नाही.”

“मग चांगलं?”

“तसंही नाही गं.”

“तो डॉक्टर शिकलेला आहे ना?”

मी हसले. ती हसली नाही. पान हातात तसंच धरून बसली. “मग मी देवाला सांगू काय?” तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. चार वर्षं माझं दुखणं एका ओळीत कोंबून ही बाई गावभर एकटी फिरत होती, हे मला तेव्हा कळलं.

“जेवढं कळलंय तेवढंच सांग,” मी म्हटलं. “आणि माझं नाव घाल.”

“गाव विचारेल.”

“विचारू दे.”

रविवारी मीही चर्चमध्ये जाऊन बसले. फादरांनी माझं पूर्ण नाव वाचलं. मग, “किडनीचं दुखणं. बरं की वाईट, अजून कळलेलं नाही.” सवयीने त्यांनी चिठ्ठी उलटली. मागची बाजू कोरी होती. ते थांबले.

तिसऱ्या बाकावरून आत्या मोठ्याने म्हणाली, “एवढंच आहे, फादर. कळलं की सांगते.”

कोणी हसलं नाही. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. पण नेहमीपेक्षा जरा उशिराने.