खोली नंबर सातचा पाहुणा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा बोलायला लागलो की मी मध्ये थांबत नाही. आणि ही खोडच मला नडली!

मी मोहर्लीचा. ताडोब्यात जिप्सी चालवतो. पंधरा वर्षं झाली पर्यटकांना वाघ दाखवतोय. वाघाचा माग काढणारा माणूस मी, मला कोण फसवणार? असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी आणि सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, चंद्रपूरला शिलाई मशीन घ्यायला निघालो होतो. तिनं दोन वर्षं शेजारणीच्या मशीनवर ब्लाउज शिवून पंधरा हजार जमवले होते. पैसे माझ्या खात्यात होते. वाटेतच फोन आला. पेट्रोल पंपावर मी कधीतरी एक कूपन भरलं होतं, त्यात म्हणे आमचा नंबर लागला! हॉटेलात जोडीनं या आणि भेट घेऊन जा.

गेलो. एसी, सरबत, टाय लावलेला पोरगा. दोन तास तो बोलत होता. क्लबचे सभासद व्हा, पंचवीस वर्षं दरवर्षी सुट्टीला जा. आधी ट्रायल म्हणून तीन रात्री राहून पाहा, फक्त पंधरा हजार. राहिला नाहीत आणि दहा दिवसांत रद्द केलंत तर सगळे पैसे परत.

"आपल्याले नाई पायजे जी," असं म्हणून सुनंदा भेटीचा कुकर आणायला पलीकडच्या टेबलाकडे गेली. ती परत येईपर्यंत मी सही करून पैसे भरलेसुद्धा! का? अहो, तो पोरगा मला 'सर' म्हणत होता! जन्मभर मीच लोकांना सर म्हणत आलो. डोकं फिरलं, दुसरं काय.

 मोहर्ली येईपर्यंत बाई मांडीवर कुकर घेऊन बाहेर बघत बसली. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो.

दोन दिवसांनी क्लबच्या मुलीचा फोन आला.

"सर, गोवा फुल आहे. मनालीही फुल. पण तुमचं नशीब जोरावर आहे! सगळ्यात जास्त मागणी असलेलं आमचं जंगल रिसॉर्ट मिळालंय. या शुक्रवारपासून तीन रात्री. मोहर्ली!"

"मॅडम, मोहर्लीत तर मीच राहतो."

"अरे वा! मग प्रवासाचा त्रासच नाही!"

आता बोला! त्या रिसॉर्टच्या लॉनवर गाणी लागली की माझ्या अंगणात ऐकू येतात. तिथं मी बॅग भरून मुक्कामाला जाऊ?

सुनंदानं त्याच दिवशी मला समोर बसवून रद्द करायचा अर्ज लिहून घेतला आणि ईमेलही करायला लावला. वर म्हणाली, "माही मशीन आली नाई ना, तं पाहून घ्या मंग."

महिना गेला, पैसे नाहीत. मी फोन लावला.

"सर, रिफंड मिळणार नाही. तुम्ही राहून गेलात."

"राहून गेलो? कुठी?"

"मोहर्लीला. खोली नंबर सात. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे. सहीसुद्धा आहे."

 झोपेत उठून जातो की काय मी? संध्याकाळी सुनंदाला हळूच विचारलं, "काय वं, मी रातीले घरीच असतो ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवणसुद्धा न मागता झोपलो.

दुसऱ्या दिवशी तडक रिसॉर्टचं फाटक गाठलं. चौकीदार बाबाराव भाऊंनी रजिस्टर उघडलं. खरंच की! माझं नाव, माझी सही, खोली सात, वेळ पहाटे साडेपाच.

"भाऊ, हे काय हो?"

"काय म्हनजे? तूच तं लिवलं ना गा! सात नंबरचे पाहुने सफारीले न्यायले आल्ता ना तू?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. ज्या खोलीचे पाहुणे न्यायचे, तिचा नंबर आम्ही ड्रायव्हर लोक त्या रजिस्टरात आपल्या नावापुढे लिहितो. सात नंबरचं नागपूरचं कुटुंब तीन दिवस माझ्याच जिप्सीत होतं!

क्लबला फोन करून एवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम! पण तिकडची मुलगी म्हणाली, "सर, आधी मी काही प्रश्न विचारते. कॉल रेकॉर्ड होतोय. त्या तीन दिवसांत तुम्ही रिसॉर्टमध्ये गेला होता?"

"हो, रोजच."

"वाघ दिसला का?"

आता तुम्हीच सांगा, जिप्सीवाल्याला कोणी वाघ दिसला का विचारलं, तर तो काय उत्तर देईल? नाही म्हणेल तो कसला जिप्सीवाला! धंद्याची सवय हो, तोंड आपोआप सुटतं.

"दिसला म्हणजे? वाघीण होती मॅडम, संगं तीन बच्चे! वीस मिनिटं पानवठ्यावर!"

"नाश्ता कसा होता?"

"पोहे एक नंबर!" ड्रायव्हरांनाही देतात तिथं. खोटं कशाला बोलू?

"आणि जिप्सीचा चालक?"

"असा ड्रायव्हर अख्ख्या ताडोब्यात भेटणार नाई, मॅडम!"

तिनं आभार मानून फोन ठेवला. मी कोण ते सांगायचं राहूनच गेलं. चार दिवसांनी ईमेल आला. पाहुणे अत्यंत समाधानी, रिफंड नामंजूर.

मग मात्र सुनंदानं माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर लावला आणि मला समोर बसवलं.

"बाई, सात नंबरात आमचा मानूस झोपला म्हन्ता ना तुमी? मंग त्या खोलीचं बिल कोनं भरलं ते पाहा ना."

तिकडं नुसती कळफलकाची टकटक. मग मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम... नागपूरच्या एका कुटुंबानं."

"झालं तं! आमचा मानूस त्याइचा ड्रायवर होता. पैसे धाडा."

एवढंच! दीड महिना मी चक्रावून फिरत होतो आणि हिचं काम दोन मिनिटांत झालं. आठवड्यात पैसे आले आणि आता घरात मशीन खडखडतेय. पण फोन ठेवायच्या आधी ती मुलगी काय म्हणाली, ऐका.

"सॉरी मॅडम. पण तुमचे मिस्टर चालक म्हणून फार चांगले आहेत हं. आमच्याकडे त्यांची खूप तारीफ नोंदवली आहे."

सुनंदाचा चेहरा खुलला. "हो काय? कोनं केली?"

"त्यांनीच केली."

सुनंदानं फोन ठेवला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पंधरा हजार भरून सोताचीच तारीफ केली काय जी तुमी? मले सांगतलं असतं, तं मी फुकट केली असती."