नारळाचा मान

परदेशातल्या ज्या शहरात मी नोकरीला गेलो, तिथं आपल्या शास्त्रीय संगीताचं आणि नृत्याचं एक मंडळ होतं. ना कार्यालय, ना पगारी माणूस. कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, कोणी घर सांभाळणाऱ्या बाई. आपापली कामं उरकून सगळे शनिवारी हजर व्हायचे. चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या, पुढं सतरंज्या अंथरायच्या आणि भारतातून आलेल्या कलावंताला कोणाच्या तरी घरी उतरवून वरणभात खाऊ घालायचा, असं ते काम.

मला त्यात घेतलं ते गाण्यातलं कळतं म्हणून नव्हे, माझ्याकडं मोठी गाडी होती म्हणून. तंबोरे, तबले, स्पीकर माझ्या गाडीतून जायचे. मी नारायणगावाकडचा, मढच्या वाटेवरच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लहानपणी कानावर पडलं ते देवळातलं भजन आणि यात्रेतला तमाशा. शास्त्रीय गायन लागलं की रेडिओ बंद करायचा, एवढंच ठाऊक होतं. पण हॉलच्या दारात तिकिटं फाडता फाडता कान हळूहळू तयार होत गेला. मागं राहून गेलेलं हे शिक्षण मला त्या मंडळानं दिलं, आणि तेही कधी कमीपणा वाटू न देता. त्याबद्दल मी त्या माणसांचा कायमचा ऋणी आहे.

माझी मुलगी मंडळाच्या वर्गात कथक शिकू लागली. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही सुट्टीला गावी आलो, तेव्हा तिच्या बॅगेत घुंगरू होते. आबांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर नाचायचं, हे तिनं विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ओसरीवर तिनं घुंगरू बांधले. आबा रानातून येत होते. आवाज ऐकून ते अंगणातच थांबले. तिला काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "ह्ये आपल्या घरात न्हाई वाजायचं."

आमच्या भागात घुंगरू म्हणजे तमाशा. चैत्राच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं यात्रेसाठी तमाशा ठरवायला तिथं येतात. आमच्या गावचा तमाशा ठरवायला यात्रा कमिटीच्या वतीनं कैक वर्षं आबाच जायचे. पुढच्या रांगेत बसून बघायचे. घरातल्या बायकांनी मात्र त्या तंबूकडं फिरकायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. यात काही विसंगत आहे, असं मलाही तोवर कधी वाटलं नव्हतं. मुलीला ते लगेच वाटलं.

"आबा, तुम्ही तमाशा ठरवायला जाता ना?"

"जातो की."

"त्यातल्या मावश्या नाचतात, ते बघता?"

"बघतो."

"मग माझं का नाही?"

आईनं तोंडाला पदर लावला. माझा थोरला भाऊ गोठ्यातून ओरडला, "घ्या राव! परदेशातून वकील आणलाय ह्यानं!"

आबा म्हणाले, "त्या बाया पोटासाठी नाचत्यात, बाई. तुला काय कमी हाय?"

"मला आवडतं."

आबांनी टोपी सारखी केली आणि आल्या पावली रानात निघून गेले.

तशात माझ्या जुन्या शाळेतून निरोप आला. स्नेहसंमेलनात मुलीनं नाचावं, अशी हेडमास्तरांची इच्छा होती. मी आबांना विचारायला कांद्याच्या वाफ्यांवर गेलो. ते पाणी देत होते; शाळेचा निरोप त्यांच्या कानावर आधीच गेला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "त्या तुमच्या मंडळात पगार काय देत्यात?"

"पगार नाही, आबा."

"मग इंजिनेर व्हऊन फुकट खुर्च्या उचालतो व्हय?"

"डॉक्टरीणबाईही उचलतात."

"कलाकार उतरत्यात कुठं?"

"आमच्याच घरांत. ज्याची पाळी तो जेवायला घालतो."

"आन पब्लिक न्हाई आलं तर?"

"तीच तर धास्ती असते. एकदा एवढं बर्फ पडलं, की समोरच्यापेक्षा स्टेजवरच माणसं जास्त."

आबा मोठ्यानं हसले. "म्हंजे यात्रा कमिटीच की ही! आमच्याकडं पब्लिक आवरत न्हाई आन तुमच्याकडं सापडत न्हाई, येवढंच."

मग फावड्यावर रेलून उभे राहिले. "पोरीला कुणी शिट्टी मारली म्हंजे?" ते हळूच म्हणाले.

त्यांच्या रागाच्या आत हे भय आहे, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "तुम्ही पुढं बसा, आबा. तुमच्यासमोर कोण मारतंय?"

त्यांनी फावड्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

आबांनी पुन्हा 'नको' म्हटलं नाही, तेवढ्या भरवशावर संमेलनाच्या दिवशी मुलगी घुंगरू बांधून स्टेजवर उभी राहिली. पुढची एक खुर्ची आम्ही राखली होती, ती रिकामीच होती. मुलगी त्या खुर्चीकडं पाहत होती. मास्तर टेप लावणार, एवढ्यात आबा आले. धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि हातात नारळ. यात्रेत तमाशा सुरू होण्याआधी कमिटीचा माणूस फडमालकाला मानाचा नारळ देतो. ते काम वर्षानुवर्षं आबांचंच. त्याच चालीनं ते पायऱ्या चढले आणि नारळ मुलीच्या हातात दिला. ती पाया पडली.

"आता वाजव," आबा म्हणाले आणि येऊन खुर्चीत बसले.

शिट्टी आली नाही. मागच्या टारगट पोरांची नजर मुलीपेक्षा आबांच्या पाठीवरच जास्त होती. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तमाशातही ते कधी वाजवत नसत. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "पोरीला ऊन पाणी दे. पाय दुखत असत्याल."

आम्ही परत गेलो. चैत्रात भावाचा फोन आला.

"तुझ्या पोरीनं म्हाताऱ्याला काय केलंय रे? औंदा यात्रंत मालकाला नारळ दिला आन तिथंच थांबले. म्हणले, नाचणाऱ्या बायांचा कुठाय? कमिटीवाले म्हणले, आबा, त्यांना कुठं असतो? तर म्हणले, आजपासून असतो. तमाशा थांबवून नारळ आणाय लावले!"

"मग?"

"मग काय! एका म्हाताऱ्या नाचणारणीनं तो डोक्याला लावला आन रडाय लागली. आबा घरी आल्यावर आईनं इचारलं तर म्हणले, लई उशीर केला आमी."

त्या शनिवारी हॉलवर जाताना मी वाटेत दुकानाशी गाडी थांबवली आणि त्या दिवशीच्या कलावंतासाठी एक नारळ घेऊन तंबोऱ्यांच्या शेजारी ठेवला.