संध्याकाळच्या वर्गाला सकाळी आलेले पाहुणे

जान्हवी परब आमच्या भांडुपच्या कॉलेजात संध्याकाळची एम.एस्सी. रसायनशास्त्र चालवते. चालवायची, असं म्हणायला हवं, पण माझी जीभ वळत नाही. मी तिथेच दिवसा फिजिक्स शिकवते. ती माझी मैत्रीण, म्हणून तिच्याबद्दल थंड डोक्याने लिहिणं मला जमणार नाही. आधीच सांगून ठेवते.

जानूचे वडील मालवणहून आलेले, गिरणीतले. गिरणी गेल्यावर ते सोसायट्यांत वॉचमनकी करायचे. जानू दिवसा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावायची आणि संध्याकाळी शिकायची. म्हणून तर ट्रस्टींच्या पाठी हात धुवून लागून तिने हा वर्ग उघडायला लावला. स्वतः मात्र तासिका तत्त्वावरच राहिली. तास घेतला तर पगार, नाहीतर घरी बस.

तिच्या वर्गात यायची मरोळच्या औषध कंपन्यांत कामाला असलेली पोरं. दिवसभर गोळ्यांचे नमुने तपासायचे, सुटल्यावर बस पकडायची, वाटेत वडापाव खायचा आणि साडेसहाला हजर. एम.एस्सी. नसेल तर कंपनीत वरची जागा मिळत नाही, जन्मभर मदतनीसच. आणि मोठ्या युनिव्हर्सिटीचे वर्ग भरतात दिवसा. नोकरी सोडून कोण जाणार?

मग सरकारला प्रश्न पडला, की छोट्या कॉलेजांत एम.एस्सी. आणि संशोधन ठेवायचं की नाही. असला प्रश्न पडला की सरकार देशातल्या बड्या शास्त्रज्ञांच्या अकादमीला विचारतं. अकादमी आपल्यातल्या चार-पाच जणांची समिती नेमते. समिती कॉलेजं बघते, लोकांचं ऐकते, अहवाल लिहिते. यात वाईट काय? काहीच नाही. शहाण्याला विचारावंच. पण शहाणे येणार होते सकाळी अकराला!

जानू प्राचार्यांकडे गेली. "सर, त्यांना संध्याकाळी बोलवा ना. वर्ग भरलेला दिसेल."

"पाहुण्यांना संध्याकाळी बोलावतात होय? त्यांचं विमान आहे."

"मग माझी मुलं रजा टाकतील. तयार आहेत."

"नको नको. ती दमलेली तोंडं, ते कंपनीचे मळके शर्ट. कॉलेजची इज्जत आहे काही!"

आपल्याकडे पाहुणा आला की पसारा पलंगाखाली ढकलायचा, ही जुनी खोड. पण यांनी तर घरातली माणसंच ढकलली हो! प्रयोगशाळेला नवे पडदे लावले. दारात रांगोळी, सनईची रेकॉर्ड. आणि जानूच्या मुलांच्या जागी बी.कॉम.च्या सहा मुली, इस्त्रीचे पांढरे एप्रन घालून उभ्या केल्या. त्यांतली बिचारी सपना! तिच्या हातात ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची काचेची नळी दिलेली, तिने ती उलटी धरली. समितीतल्या एक वयस्क बाई थांबल्या, बघितलं. कागदावर काहीतरी टिपलं. माझ्या हातात नारळांचं तबक होतं, नाहीतर तेच ब्युरेट हिसकावून मी प्राचार्यांच्या डोक्यात घातलं असतं.

मग सत्कार. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाचा परिचय. जानूला बोलायला पाच मिनिटं ठेवलेली. ती उठली, "नमस्कार, मी" एवढं म्हणाली, आणि प्राचार्यांनी घड्याळ बघून उपप्राचार्यांना आभारप्रदर्शनाची खूण केली. झालं. पाहुणे जेवायला गेले. श्रीखंड होतं.

अहवालाचा मसुदा आला. छोट्या कॉलेजांतल्या अशा वर्गांत विद्यार्थी नगण्य, साधी उपकरणंही हाताळता येत नाहीत, सबब हे वर्ग मोठ्या संस्थांत विलीन करावेत. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच!

मसुद्यावर चर्चा होती अंधेरीत, एका गारढोण सभागृहात. प्राचार्य पुढच्या रांगेत. जानूने हात वर केला आणि माईक हातात यायच्या आधीच सुरू झाली.

"तुम्ही पाहिलेल्या मुली बी.कॉम.च्या होत्या. माझे विद्यार्थी तेव्हा मरोळला कामावर होते. आमच्या कॉलेजने तुम्हाला फसवलं. पण तुम्हीही एकाला विचारलं नाहीत, की बाळा, तू शिकतोस काय?"

प्राचार्य मागे वळून दातओठ खात म्हणाले, "परब, खाली बसा."

"मी नाय बसूचंय!" जानू संतापली की मालवणीवर येते.

त्या वयस्क बाई खरंच हादरल्या होत्या. "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगायला उभी राहिले होते, मॅडम. तेवढ्यात तुमचे आभार मानायला घेतले."

"हे मी अहवालात घालते," बाई म्हणाल्या. बाईंनी शब्द पाळला, हेही सांगते. अहवालात नोकरदारांच्या संध्याकाळच्या वर्गांचा वेगळा विचार व्हावा, असं टिपण घातलं. शेवटी, परिशिष्टात. पण सरकारात परिशिष्ट वाचतो कोण? डोंबल! सारांश वाचला आणि आदेश काढला: तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार असे वर्ग बंद. तासच नाहीत म्हणून जानूही बाहेर.

मी फोन लावत सुटले. अकादमीतला माणूस अगदी सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही फक्त सल्ला देतो. निर्णय सरकारचा." मंत्रालयात विचारलं तर, "आमच्या मनाचं काही नाही, अकादमीने सांगितलंय." प्राचार्य म्हणाले, "वरून आदेश आहे." सगळे सज्जन, सगळ्यांचे हात स्वच्छ! मेल्यांनो, मग वर्गाचा गळा दाबला कोणी?

जूनमध्ये जानू कपाटातली आपली पुस्तकं न्यायला आली. मी पिशव्या धरायला होते. जिन्याशी एक मुलगी उभी, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. तेजल नाव. संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी साहेबांच्या विनवण्या करून तिने कायमची सकाळची शिफ्ट मागून घेतली होती.

"बंद झाला गं वर्ग," जानू म्हणाली.

"बंद? कोणी केला, मॅडम? मी जाऊन भेटते त्यांना. नुसतं सांगेन की आम्हाला दिवसा नाही येता येत. ऐकतील ना?"

भरसभेत माईकची वाट न बघता ओरडलेली बाई ही. पण आता तिने माझ्याकडे बघितलं. मला तर शिव्या तोंडपाठ आहेत, पण एक नाव सांगता येईना. तेजल पर्समधून पेन काढून आमच्यासमोर उभी होती, पत्ता लिहून घ्यायला.