विंटर पूल आणि माझे पंचवीस मीटर

कप आधी खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हे सांगायला बसले तेव्हा शेजारच्या स्मिताच्या नाकातून चहा आला होता. फजिती माझी आणि ठसका तिला!

आणि फजिती तरी कशी? लेखी, तोंडी आणि ओली. तिन्ही प्रकारची. एकाच जानेवारीत.

मी मूळची नागपूरची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. नवरा मिलिंद सॉफ्टवेअरमधला, त्याच्या मागोमाग इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला आले. इथे माणूस ऑफिसला पोचेपर्यंत चौदा राउंडअबाउटना प्रदक्षिणा घालतो. मीही सात वर्षं एका वेअरहाउसमध्ये खोकी पॅक करत गोल गोलच फिरत होते म्हणा ना.

पण घरात एक गंमत चालू होती. आमची रेवा इथेच वाढलेली, आता चौदा वर्षांची. ती म्हणायची, "आई, माझा चप्पल कुठे गेली?" आता 'माझा' म्हणालीस तर 'गेला' तरी म्हण! अर्धी चूक आणि अर्धं बरोबर, हे कसं जमतं बाई? मी तिच्या असल्या चुका एका वहीत लिहायला लागले. वही भरली. दुसरी भरली.

मग एक दिवस ठरवलं की शिकायचं. आमच्या गावातल्या कॉलेजात ॲक्सेस कोर्स असतो. ज्यांचं शिक्षण मध्येच राहिलं अशा मोठ्या माणसांसाठी एक वर्षाचा कोर्स, तो केला की युनिव्हर्सिटीत प्रवेश घेता येतो. तिथल्या आमच्या शिक्षिका जॅनेट यांना मी भीत भीत त्या वह्या दाखवल्या. त्यांनी तासभर वाचल्या आणि म्हणाल्या, "याला भाषाशास्त्र म्हणतात. तू केंब्रिजला अर्ज कर."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

एक्केचाळीस वर्षांची बाई, वेअरहाउसमधली, आणि केंब्रिज? पण आम्ही नागपूरची माणसं. मे महिन्यात भर दुपारी बारशाला जाऊन येणारी. एकदा ठरलं की ठरलं. केला अर्ज!

डिसेंबरमध्ये तिथल्या एका कॉलेजनं लॅपटॉपवर मुलाखत घेतली. बरी झाली. आणि जानेवारीत ईमेल आला.

"युअर ॲप्लिकेशन हॅज बीन प्लेस्ड इन द विंटर पूल."

विंटर पूल! म्हणजे हिवाळ्यातला पूल! मी मिलिंदकडे धावले. तो कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये.

"मिलिंद, मला पूलमध्ये ठेवलंय!"

"कुठल्या पुलावर?"

"अरे, मराठी पूल नाही रे. इंग्रजी पूल. पोहायचा!"

त्यानं माईक बंद केला, ईमेल वाचला. खाली लिहिलं होतं की दुसऱ्या एखाद्या कॉलेजला तुम्हाला पूलमधून बाहेर काढायचं असेल, तर ते तुमच्याशी संपर्क साधतील.

"हं," मिलिंद गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे तू बुडायला लागलीस तर दुसऱ्या कॉलेजची माणसं बाहेर काढणार. सेफ्टी चांगली आहे यांची." आणि परत मीटिंगमध्ये!

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, जरा कोणाला तरी विचारायचंस! अहो, विचारलं ना! तोच तर घोळ झाला. सगळ्यांना विचारलं.

पहिल्यांदा रेवाला. ती फोनमध्ये डोकं घालून बसलेली. "रेवा, या देशात शिकायचं तर पोहता यावंच लागतं का गं?"

"हो," मान वर न करता उत्तर. "ट्वेंटी फाइव्ह मीटर्स. मी इयर फाइव्हमध्ये केली ना, आई. सगळ्यांना करावा लागतो."

झालं! दहा वर्षांच्या पोरांना पंचवीस मीटर, मग केंब्रिजवाले काय सोडतात?

मग चौबळकाकांना फोन. काका इथे चाळीस वर्षं आहेत, आणि त्यांना माहीत नाही अशी गोष्ट इंग्लंडमध्ये अजून घडलेली नाही. "काका, तुमचं काय मत? पोहण्याची परीक्षा असते का हो?"

"असणारच!" काका कडाडले. "जुनी युनिव्हर्सिटी आहे ती. नुसतं डोकं नाही बघत, शरीर आणि मनही बघतात. थंड पाण्यात माणसाचा खरा स्वभाव कळतो, वृषाली. उद्यापासून गार पाण्याने अंघोळ सुरू कर."

केली हो! जानेवारीत! मिल्टन कीन्समध्ये! रोज सकाळी बाथरूममधून माझ्या किंकाळ्या आणि बाहेरून मिलिंदचा आवाज, "ऑल ओके?"

आणि शेवटचा खिळा ठोकला जॅनेटनी. कॉलेजच्या जिन्यात त्यांना गाठून मी म्हटलं, "जॅनेट, आय ॲम इन द पूल." तर त्यांनी मला मिठीच मारली! म्हणाल्या, "फारच छान! पूलमधून खूप लोक पुढे जातात. घाबरायचं नाही. शांत राहायचं आणि डोकं वर ठेवायचं. कीप युअर हेड अप!"

आता सांगा, यात संशयाला जागा आहे का कुठे?

तीन दिवसांनी दुसऱ्या एका कॉलेजचा ईमेल आला की पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटायला या. माझ्या हातात नऊ दिवस. आणि पोहण्याचा अनुभव? आयुष्यात एकदा नागपूरला अंबाझरी तलावाच्या काठावर भेळ खाल्ली होती. तेवढाच.

लेझर सेंटरला, म्हणजे गावच्या पोहण्याच्या तलावावर, बायकांच्या वेळेत शिकवायला कुलविंदर आंटी होत्या. साठीच्या, पंजाबी, आवाज असा की पाण्यावर लाटा उठाव्यात.

"कब तक सीखना है, पुत्तर?"

"नौ दिन में."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जल्दी क्या है?"

"केंब्रिज जाना है."

"तैर के?"

पण मी हटले नाही. शेजारी पाच-पाच वर्षांच्या पोरी माशासारख्या सुळकन जात होत्या आणि मी कडेचा दांडा धरून पाय मारत होते. पहिल्या दिवशी इतकं पाणी प्यायले की घरी आल्यावर चहा नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दांडा सुटला. तिसऱ्या दिवशी परत धरला. आणि भांडण एकच. कुलविंदर आंटी ओरडायच्या, "सिर नीचे! सिर पानी में!" आणि मी तोंड वर काढून ओरडायचे, "मेरी टीचर बोली है, हेड अप!"

"किस कॉलेज की टीचर है वो? डुबा देगी तुझे!"

वेअरहाउसची शिफ्ट, कॉलेजचे निबंध, आणि उरलेला वेळ पाण्यात. कानात पाणी, केसांना क्लोरीनचा वास, खांदे असे दुखायचे की पोळी लाटताना डोळ्यांत पाणी यायचं. मिलिंद म्हणाला, "सोड ना, वृषाली. नाही जमलं तर नाही जमलं." मी म्हटलं, "एकदा सोडलं होतं शिक्षण. आता पाण्यासाठी सोडणार नाही."

आठव्या दिवशी मी पंचवीस मीटर गेले. कशी गेले विचारू नका. एक आजी मला तीनदा ओलांडून गेल्या, पण मी थांबले नाही. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा कुलविंदर आंटींनी अशी शिट्टी वाजवली की लाइफगार्ड धावत आला. आणि मी? मी पाण्यातच रडले. कोणाला कळलं नाही, तेवढा एक फायदा असतो पोहण्याचा.

मुलाखतीच्या दिवशी साडीखाली स्विमिंग कॉश्च्यूम घालूनच निघाले. हो, अंगातच! ऐनवेळी बदलायला वेळ मिळाला नाही तर? पिशवीत टॉवेल, टोपी, गॉगल. मिलिंदनं गाडीनं सोडलं. जाताना म्हणाला, "वॉर्म-अप कर आधी." त्या सुंदर जुन्या कॉलेजच्या अंगणात मी खांदे गोल गोल फिरवत उभी! येणारे-जाणारे बघत होते, पण इंग्रज माणूस मनात म्हणतो, तोंडावर नाही.

आत दोघं होते. एक चंदेरी केसांच्या प्राध्यापक बाई आणि एक तरुण प्राध्यापक. त्यांनी माझ्या वह्यांबद्दल विचारलं, रेवाच्या मराठीबद्दल विचारलं. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मी घाबरलेच नव्हते. कारण माझी सगळी भीती पुढच्या परीक्षेसाठी राखून ठेवलेली!

शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

"एकच," मी पिशवी उचलत म्हटलं. "चेंजिंग रूम कुठे आहे?"

दोघांची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"कशासाठी?" तरुण प्राध्यापकांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"विंटर पूलसाठी. टॉवेल मी घरून आणलाय." आणि त्यांचे चेहरे बघून, विश्वास बसावा म्हणून पुढे म्हटलं, "ट्वेंटी फाइव्ह मीटर्स. स्लो, बट आय डोंट स्टॉप."

तरुण प्राध्यापकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. बाईंनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि फार प्रेमानं सांगितलं. एका कॉलेजात जागा नसली तरी जे विद्यार्थी चांगले वाटतात, त्यांची नावं सगळ्या कॉलेजांच्या एका सामाईक यादीत ठेवतात. त्या यादीतून दुसरं कॉलेज हवा तो विद्यार्थी निवडतं. त्या यादीला पूल म्हणतात.

यादी! अहो, यादी! आणि मी साडीखाली कॉश्च्यूम घालून बसलेली!

धरणीमाय दुभंगली असती तर त्या दिवशी मी तिकीट काढून आत गेले असते. उठले. दारापर्यंत गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि मनात आलं, नऊ दिवस नाकातोंडात पाणी घेऊन आपण इथवर आलो, ते असं दार लावून जायला? मी परत वळले आणि खुर्चीत बसले.

"हे कसं झालं, ते सांगू का मी तुम्हाला?"

"प्लीज," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं.

मग मी सगळं सांगितलं. रेवा शाळेबद्दल बोलत होती. जॅनेट अर्जाबद्दल बोलत होत्या. चौबळकाका नेहमीप्रमाणे अंदाज ठोकत होते. मुद्दाम कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी मात्र पहिल्या मिनिटाला एका शब्दाचा एक अर्थ पकडला होता आणि पुढे त्यात बसेल तेवढंच ऐकलं. "रेवाचंही असंच होतं," मी म्हटलं. "ती 'माझा' म्हणून बसते आणि पुढचं वाक्य कसंबसं त्यावरून ओढत नेते. चूक एका शब्दाची नसते. तो शब्द सोडवत नाही, ही चूक असते."

तरुण प्राध्यापक खिडकीकडून कधीच वळले होते. आता ते हसत नव्हते. प्रश्न विचारत होते. आणखी वीस मिनिटं गेली.

गाडीत बसल्यावर मिलिंदनं विचारलं, "पाणी कसं होतं?" मी आधी सीटबेल्ट लावला. पाचव्या राउंडअबाउटला सांगितलं. सहाव्याला त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका हसला मेला!

जानेवारी संपता संपता त्याच कॉलेजचा ईमेल आला. रेवानं वाचला आणि किंचाळली, "आई, तुझा जागा मिळाली!" त्या दिवशी मी तिचं मराठी सुधारलं नाही. अट एकच, ॲक्सेस कोर्सच्या मार्कांची. मग जूनपर्यंत मी डोकं वर काढलं नाही. अट पूर्ण केली आणि ऑक्टोबरमध्ये केंब्रिजला गेले. सोमवार ते शुक्रवार तिथे, शनिवार-रविवार घरी.

जाताना शपथ घेतली होती की आता एकाही इंग्रजी शब्दाला फसायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात सूचना आली. शुक्रवारी मॅट्रिक्युलेशन, गाउन घालून हॉलमध्ये यावे, उपस्थिती सक्तीची.

हा शब्द मला कोणी शिकवायचा? मॅट्रिक म्हणजे दहावी! आमच्या घरात तीन पिढ्यांना ठाऊक. लगेच नागपूरला भावाला फोन केला. त्यानं माळ्यावरची ट्रंक उघडून माझं दहावीचं मार्कशीट शोधलं, लॅमिनेट केलं आणि तातडीच्या कुरिअरनं पाठवलं. शुक्रवारी सकाळी ते हातात पडलं. काय अभिमान वाटला म्हणता माझ्या तयारीचा!

हॉलमध्ये रांग होती. सगळे काळ्या गाउनमध्ये, रिकाम्या हातानं. मला त्या पोरांची कीवच आली. विसरली वाटतं बिचारी घरी! टेबलामागे त्याच चंदेरी केसांच्या बाई बसल्या होत्या, समोर एक मोठं रजिस्टर.

मी मार्कशीट पुढे केलं.

"हे काय?"

"माझं मॅट्रिक्युलेशन. ओरिजिनल आहे."

बाई म्हणाल्या, "वृषाली, मॅट्रिक्युलेशन म्हणजे या रजिस्टरमध्ये सही करायची. बस. तेवढंच."

मी मार्कशीट मागे ओढायला गेले, पण त्यांनी ते हातात घेतलं होतं. चष्मा वर सरकवून ओळ न् ओळ वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

इंग्रजी. शंभरपैकी अडतीस.

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि सहीसाठी पेन माझ्या हातात दिलं. "आता सगळा उलगडा झाला."